सामन्याआधीचं जोशाचं भाषण, घोषणा, गाणी यांमुळे शाळा-कॉलेजच्या खेळाडूंचा खेळ खरंच सुधारतो का?

सुधारतो, पण सगळ्यांचा सारखा नाही, आणि सगळ्यांना मिळून चढवलेल्या जोशापेक्षा प्रत्येकाची स्वतःची ठरलेली छोटी तयारी जास्त कामी येते. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी 1908 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून निघालेलं सूत्र क्रीडा मानसशास्त्रात आजही शिकवतात: उत्तेजना एका मर्यादेपर्यंत उपयोगी पडते, त्यापुढे ती काम बिघडवते. काम जितकं नाजूक, तितकी ही मर्यादा लवकर येते. म्हणून वेटलिफ्टिंगला जो आवेश चालतो, तोच नेमबाजाचा हात थरथरवतो. ठरलेल्या तयारीचं उदाहरण म्हणून बास्केटबॉलमधला फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी बिनअडथळ्याची फेक) बघा. चेंडूचे तीन टप्पे, एक लांब श्वास, नजर रिंगवर आणि मग फेक. दर वेळी हाच क्रम ठेवला की प्रेक्षकांचा गोंगाट, स्कोअर, 'चुकलं तर?' या विचारांना डोक्यात जागाच उरत नाही. मात्र हा क्रम सरावातही रोज केलेला हवा. थेट फायनलच्या दिवशी सुरू केला तर उलट गोंधळ होतो. आणि पोरं आधीच घाबरलेली असतील तर कृपा करून 'आज हरायचं नाही' असं ओरडू नका, त्याने दडपणच वाढतं. 'छातीत धडधडतंय म्हणजे शरीर तयार झालंय' एवढं शांतपणे सांगा आणि पहिल्या पाच मिनिटांत नेमकं काय करायचं ते ठरवून द्या.