मुलाचं मराठी टिकेल का, असं विचारलंत म्हणून

तुमचे प्रश्न तीन. जानेवारीत मेलबर्नला येताना कोणते कागद आणायचे, सहा वर्षांच्या मुलाचं मराठी टिकेल का, आणि एकटं वाटतं का. कागदांची यादी सरकारी संकेतस्थळावर आहे, एव्हाना तुमची तोंडपाठ झाली असेल. एकटं वाटतं. जूनमध्ये पाच-सव्वापाचला अंधार पडतो तेव्हा जरा जास्त वाटतं, मग उठून काहीतरी फोडणीला टाकायचं. पण मधल्या प्रश्नाने काल माझी झोप घालवली. म्हणून हे लांबण.

आमच्या शेजारच्या नोन्ना दीड महिन्यापूर्वी गेल्या. नोन्ना म्हणजे इटालियनमध्ये आजी. सगळी गल्ली त्यांना तेच म्हणायची, मीही. तुम्हाला वाटेल, मराठीचं विचारलं तर ही इटालियन आजीचं काय काढून बसली. पण माझ्या लेकीची भाषा म्हणजे नोन्नांचीच गोष्ट आहे, माझी त्यात फारशी नाही.

त्या इटलीच्या आब्रुत्सो भागातल्या डोंगरातल्या एका खेड्यातून आलेल्या. तिथे चार वर्षांचा अभ्यासक्रम करून प्राथमिक शाळेच्या शिक्षिका झाल्या होत्या. १९५१ साली इटली आणि ऑस्ट्रेलियाचा करार झाला, दोन वर्षं सांगतील ते काम करायचं या बोलीवर माणसं येऊ लागली. गावातला एक मुलगा असाच आला आणि बोनेगिलाच्या, नव्याने आलेल्या स्थलांतरितांच्या छावणीत उतरला. काम मिळेना, म्हणून १९५२ मध्ये तिथल्या इटालियन पोरांनी दंगा केला होता. रोज उकडलेलं मेंढीचं मटण खाऊन ती कातावलेलीच होती म्हणे. पुढे इथे मेलबर्नच्या ब्रन्सविकमधल्या वीटभट्टीवर लागल्यावर त्याने गावी पत्र टाकलं. नोन्नांचं त्याच्याशी लग्न लागलं ते नवऱ्याशिवाय. चर्चमध्ये शेजारी उभा होता तो धाकटा दीर. तेव्हा अशी हजारो लग्नं झाली, मुलगी लग्न होऊनच बोटीत चढायची. महिनाभराच्या प्रवासात कोलंबोला बोट लागली, तिथे नोन्नांनी आयुष्यातली पहिली साडी पाहिली. मी पहिल्या दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा दारातच म्हणाल्या, "कोलंबो!" मला वाटलं, ह्या मला श्रीलंकेची समजतायत.

इथे त्यांच्या पदविकेला कोणी विचारलं नाही. कपड्यांच्या कारखान्यात पँटचे खिसे शिवायचं काम मिळालं. पंधरा वर्षं खिसे. इटालियनमध्ये 'फत्तोरिया' म्हणजे शेतमळा, पण इथल्या इटालियन बायका फॅक्टरीलाच फत्तोरिया म्हणायच्या. नोन्ना हसून सांगायच्या, "आईला पत्रात लिहिलं, मी फत्तोरियात काम करते. तिला वाटलं पोरगी मळ्यात आहे, ताजी हवा आहे. मीही खुलासा केला नाही."

आता जरा माझं. सांगलीला मी अकरा वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. इथे यायचं ठरलं तेव्हा माझ्या बी.एड.च्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि लग्नाच्या दाखल्यावर सासरी बदललेलं नाव. या तीन बायका एकच आहेत हे सिद्ध करण्यात चौदा महिने गेले. (तुमचंही असं असेल तर प्रतिज्ञापत्र तिथेच करून आणा. इथून करायला जाल तर रडाल. हे कुठल्याच यादीत नसतं.) मग शिक्षिका म्हणून इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्यात आणि ऐकण्यात नऊपैकी ८ हवे होते. मला ऐकण्यात साडेसात. दुसऱ्यांदा पैसे भरले, पुन्हा साडेसात. तिसऱ्यांदा भरले नाहीत. आता पाळणाघरात आहे. पोरांची नाकं पुसायला आठ लागत नाहीत. हे मी नोन्नांना सांगितलं तेव्हा त्यांनी काही न बोलता माझ्या जॅकेटच्या खिशात हात घालून शिवण तपासली. "वाईट शिवलाय," म्हणाल्या. आमची मैत्री तिथून.

त्या पुन्हा शिक्षिका झाल्या त्या सत्तरच्या दशकात. परदेशी गेलेल्या कामगारांच्या मुलांना इटालियन यावं म्हणून इटलीने १९७१ मध्ये कायदा केला, त्याचा पैसा येऊ लागला आणि इथे शनिवारचे वर्ग वाढले. त्यांनी पंचवीसेक वर्षं शिकवलं. शिस्त कडक. आब्रुत्सोच्या बोलीत शब्दाचा शेवटचा स्वर गिळतात. वर्गात कोणी तसा गिळला की त्या पट्टी आपटायच्या, "शेपूट कुठंय शब्दाचं?" मी हसायचे, कारण मालवणी बोलणाऱ्या एका पोराला 'शुद्ध बोल' म्हणून मीही उभं केलं होतं.

आणि त्यांचा स्वतःचा मुलगा? तो इंग्रजीतच उत्तर द्यायचा. साठच्या दशकात त्याच्या शाळेतून सांगणं आलं होतं की घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. ही मास्तरीण घाबरली आणि तिने ऐकलं.

मीही ऐकलं. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. लेक चार वर्षांची असताना बालवाडीतल्या बाईंनी अगदी गोड आवाजात तेच सांगितलं. पन्नास वर्षांनंतर तेच वाक्य. माझा साडेसातचा घाव ताजा होता. मी त्या दिवशीपासून तिच्याशी इंग्रजी सुरू केलं, घरात, जेवताना, अगदी ताप आला तरी. नोन्नांनी एकदा कुंपणापलीकडून ऐकलं आणि मला झापलं. "तुझं इंग्रजी मोडकं आहे, माझ्यासारखं. चांगली वस्तू घरात ठेवून पोरीला मोडकी कशाला देतेस?" राग आला मला. आठ दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

पण दुपारी पोरीला सांभाळायला त्याच होत्या, कारण पाळणाघरात काम करणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरीचं पाळणाघर परवडत नाही. शाळेतही दुसरी भाषा इटालियनच. दहा वर्षांची झाली तेव्हा फेब्रुवारीत त्यांच्या गॅरेजात टोमॅटोचा रस्सा बाटल्यांत भरताना दोघी इतक्या भरभर भांडायच्या की मी नुसती झाकणं लावत बसायचे. मराठीचा शनिवारचा वर्ग चाळीस मिनिटांवर. दोन महिने नेलं, मग माझीच शनिवारची पाळी लागली. मराठीच्या शिक्षिकेची पोरगी!

शेवटचं वर्षभर नोन्नांची स्मृती गेली. आधी इंग्रजी गेलं. मग ज्या इटालियनसाठी पट्टी आपटली तेही गेलं. राहिली ती खेड्यातली बोली, शेपटं गिळलेली. लेक उशाशी बसायची, कान देऊन ऐकायची, आणि तिला एक अक्षर कळायचं नाही. त्यांच्या मुलाला थोडंफार कळायचं, लहानपणी आई-बाबांची भांडणं ऐकलेली म्हणून. तो म्हणाला, त्या आईला हाक मारतायत, शेळ्या आत घे म्हणून.

नोन्नांच्या अंत्यविधीला चर्चमध्ये लेकीने इटालियनमध्ये छान वाचलं. मी फोनवर व्हिडिओ लावून धरला होता, मिरजेला माझी आई बघत होती. संध्याकाळी आईने विचारलं, "काय गोड बोलली गं. काय म्हणाली?" मी लेकीकडे फोन दिला. ती आजीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमचा मुलगा सहा वर्षांचा आहे, म्हणजे मराठी भांडवल घेऊन येतोय. त्याला इंग्रजी येईलच, तुम्ही काहीही केलं नाहीत तरी. शाळेतून कोणी गोड आवाजात काही सांगितलं तर मान डोलवा आणि घरी येऊन त्याला मराठीत ओरडा. वर्ग वगैरे नंतर बघू. पुस्तकं आणायला बॅगेत जागा नसेल तर राहू द्या, पण आजी-आजोबांना फोनवर त्याच्याशी गप्पा मारायची सवय आत्तापासून लावा. नुसतं "हाय कर" नको.

आमच्याकडे आता रविवारी मिरजेचा फोन लेकच लावते, मी सांगितलेलं नाही. परवा ओट्याशी उभी राहून ऐकत होते. आईने विचारलं, जेवलीस का गं. लेक जरा थांबली, आणि म्हणाली, "हो आजी, मी जेवली."

अकरा वर्षांची सवय, माझ्या जिभेवर 'जेवले' आलंच होतं. मी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली.