हिरोशिमा : एक दिवस, एकटीने

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून एप्रिलमध्ये ओसाकाला मुलीकडे जाणार आहे. त्या मुक्कामात एक दिवस एकटीनेच हिरोशिमा पाहून यावे, असे मनात आहे. मात्र जेथे एवढा संहार झाला, तेथे जाऊन प्रसिद्ध पदार्थांची चव घेत हिंडणे मनाला प्रशस्त वाटत नाही. दिवसाची आखणी कशी करावी? मियाजिमा बेटही त्याच दिवशी होईल का? मी अंडी खाते, मांस-मासे खात नाही.
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : आपला संकोच मला समजतो, कारण पहिल्या भेटीत तोच संकोच माझ्याही मनात होता. परंतु हिरोशिमात ज्या पदार्थासाठी लोक रांगा लावतात, तो ओकोनोमियाकी हा तव्यावरच्या धिरड्याचा प्रकार युद्धानंतरच्या भुकेतूनच आजच्या रूपाला आला आहे. युद्धापूर्वी तेथे पिठाच्या पातळ धिरड्यावर कांद्याची पात आणि सॉस घालून मुलांना खाऊ म्हणून देत असत. बेचिराख झालेल्या शहरात तांदूळ मिळेना, तेव्हा मदत म्हणून आलेले गव्हाचे पीठ, स्वस्त कोबी आणि एक लोखंडी तवा एवढ्या भांडवलावर रस्त्याकडेला गाड्या लागल्या आणि तो खाऊ पोटभरीचे जेवण झाला. त्यामुळे स्मारक पाहून त्या तव्यासमोर बसण्यात कसलाही अनादर नाही, याची खात्री बाळगा.

शिन-ओसाका स्थानकाहून शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेने हिरोशिमा साधारण दीड तासावर आहे. सकाळी सातच्या सुमारास निघालात, तर दिवस पुरतो. स्थानकावरून २ किंवा ६ क्रमांकाच्या ट्रामने ‘गेनबाकु डोम-माए’ या थांब्यावर उतरावे. ही ट्राम केवळ वाहन म्हणून पाहू नका. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अणुबॉम्ब पडला आणि अवघ्या तीन दिवसांत, ९ ऑगस्टला, मार्गाच्या एका लहानशा टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. त्या स्फोटातून वाचलेले ६५१ आणि ६५२ क्रमांकांचे डबे दुरुस्त होऊन पुढे कित्येक दशके प्रवासी वाहत राहिले.

थांब्यासमोरच स्फोटातून उरलेली घुमटाची इमारत दिसते. चेक वास्तुविशारद यान लेत्सेल यांनी आराखडा केलेली ही प्रदर्शनाची वास्तू १९१५ मध्ये उभी राहिली. बॉम्ब तिच्याजवळच, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. दाब जवळजवळ सरळ वरून आल्यामुळे काही भिंती उभ्या राहिल्या. नदी ओलांडून शांतता स्मारक उद्यानातून तेथील संग्रहालयाकडे जावे. तिकीट २०० येनचे आहे. वेळ ऑनलाइन आरक्षित करता येते आणि गर्दी पाहता ती करावीच. आत निदान दोन तास द्यावे लागतात.

तेथे एका काचेच्या पेटीत एक डबा आहे. शिगेरू ओरिमेन हा शाळकरी मुलगा त्या दिवशी आईने दिलेला डबा घेऊन गेला होता; आईला त्याचा देह सापडला, तेव्हा तो डबा त्याच्या देहापाशीच होता. झाकण वाकडेतिकडे झालेले, आतल्या अन्नाचा कोळसा झालेला. आपण शिक्षिका आहात. असे डबे आपण आयुष्यभर वर्गात पाहिले असतील. तेथे घाई करू नका आणि बाहेर पडल्यावर नदीकाठी थोडा वेळ शांत बसा.

मग होन्दोरी या छत असलेल्या बाजारपेठेतून पूर्वेकडे चालत शिन्तेन्ची भागात यावे. युद्धानंतर येथे ओकोनोमियाकीच्या गाड्या लागत. आज तेथेच ‘ओकोनोमिमुरा’ ही अनेक मजल्यांवर ओकोनोमियाकीची छोटी छोटी दुकाने असलेली इमारत आहे. लांबलचक तव्याभोवती उंच बाके असतात आणि एकट्या माणसाला तेथे चटकन जागा मिळते. तव्यावर घावनाइतके पातळ धिरडे पसरले जाते, त्यावर कोबीचा वीतभर ढीग आणि मोड रचले जातात. एवढा कोबी कसा मावणार, असे वाटत असतानाच सगळे एका झटक्यात उलटवले जाते आणि तो ढीग आपल्याच वाफेवर शिजून खाली बसतो. शेजारी परतलेल्या नूडल्सवर तो चढवतात, शेवटी फोडून पसरलेल्या अंड्यावर ठेवतात आणि वरून दाट, गोडसर सॉस लावतात. ओसाकात हेच जिन्नस पिठात कालवतात. हिरोशिमात थरावर थर चढतात, आणि मला हीच पद्धत अधिक रुचते. ‘हेरा’ नावाच्या लहान उलथण्याने तव्यावरूनच तुकडे तोडून खावे.

मागवतानाच ‘निकु नाशी’ म्हणजे मांस नको, असे सांगावे. धिरड्यावर बहुधा वाळवलेल्या माशाची पूड भुरभुरतात, म्हणून ‘कात्सुओबुशी नाशी’ हेही सांगावे. ही दोन वाक्ये मुलीकडून जपानी लिपीत कागदावर लिहून घेतल्यास उत्तम.

दुपारी शुक्केइएन उद्यानात जावे. १६२० मध्ये घडवलेले हे उद्यान बॉम्बने भस्मसात झाले होते. त्यातून वाचलेला एक कललेला गिंको वृक्ष आजही पालवतो. परतताना मोमिजी मान्जू घ्यावेत. मेपलच्या पानाच्या आकाराच्या या केकमध्ये आझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण असते आणि पुरणपोळीच्या जिभेला ते परके वाटत नाही.

मियाजिमा त्याच दिवशी बसवता येते, पण मी तसे सुचवणार नाही. समुद्रातले ते तोरी, म्हणजे तेथील देवस्थानाचे प्रवेशद्वार, भरतीच्या वेळी पाण्यात उभे दिसते आणि ओहोटीला त्याच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येते. तेथे भरती-ओहोटीची वेळ पाहूनच जावे. शक्य असल्यास हिरोशिमात एक रात्र राहून दुसरी सकाळ बेटाला द्यावी.

प्रश्न : अंडेही न खाणाऱ्याने हिरोशिमात काय खावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ओकोनोमियाकीचा आग्रह धरू नये. अंडे आणि माशाची पूड टाळता आली, तरी सॉसमध्ये प्राणिजन्य अर्क असू शकतो आणि तवा एकच असतो. मोमिजी मान्जूच्या पिठातही साधारणपणे अंडे असते. मिठाचा साधा भात-गोळा, फळे आणि भाजलेली रताळी यांवर दुपार निभावता येते. सोबत थालीपीठ किंवा दशम्या असाव्यात. हे पदार्थ एखाद्या बाकावर बसून खावेत. चालता चालता खाण्याची तेथे रीत नाही आणि रस्त्यावर कचरापेट्या क्वचितच दिसतात, म्हणून रिकामी पिशवी जवळ ठेवावी.