तिकिटांचा अल्बम देशवार लावताना

अहो, टपाल तिकिटं देशवार कशी लावायची असं विचारलंत ना? आधी अल्बम विकत घेऊ नका. चिमटा घ्या, भिंग घ्या आणि तिकिटं जुन्या वहीत पाकिटं करून ठेवा. गोंद तर अजिबात नको, मी शाळेत असताना त्यानेच अर्धा संग्रह घालवला.

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य १९३, निरीक्षक दोन (व्हॅटिकन आणि पॅलेस्टाईन). पण ही यादी समोर ठेवून पानं आखलीत की फसाल. तिकिटं काढणारे त्याहून कितीतरी जास्त आहेत. ग्रीनलँड डेन्मार्कच्या राज्यात, तरी तिकीट स्वतःचं. पिटकेर्न बेटावर माणसं पन्नासच्या आसपास, तिकिटं मात्र १९४० पासून. ‘एस्तादो दा इंडिया’ दिसलं तर ते पोर्तुगीज गोव्याचं, भारताच्या पानात चिकटवू नका.

नवखे हमखास चुकतात त्या जागा:

– नावच नाही, नुसतं राजा-राणीचं डोकं? ब्रिटन.
– ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘माग्यार’ म्हणजे हंगेरी.
– मान्यता नसलेल्या देशांची तिकिटं सरसकट बनावट नसतात. उत्तर सायप्रसला फक्त तुर्कस्तान मानतं, पण तिथलं टपाल खरोखर चालतं. बाहेरून पत्र पाठवताना पत्त्यात ‘मर्सिन १०, तुर्कस्तान’ लिहावं लागतं. उलट अबखाझियाच्या (जॉर्जियातून फुटलेला प्रदेश) नावावर मार्क्स-लेननचं तिकीट विकलं गेलं. मार्क्स कोण, तर विनोदी नट ग्राउचो, आणि लेनन बीटल्सवाला! गंमत म्हणून ठेवा, पैसे जपून द्या.

शिक्के, छिद्रं, जलचिन्हं वगैरे पुढच्या वर्षी बघू. तूर्त शंभर तिकिटं ओळखून लावा आणि अडलेल्यांचा फोटो टाका.