आभासी वास्तव आणि पाखाडीवरचा वॉकर

प्रश्न : माझी मुलगी मुंबईत व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार) शिकते. आरोग्य-समता हा विषय आभासी वास्तवाचे (व्हर्च्युअल रिॲलिटीचे) हेडसेट डोळ्यांवर लावून शिकवणार असल्याचे ती सांगते. आमच्या वाडीतल्या अडचणी डोळ्यांसमोर असताना त्या यंत्रातून पाहून काय साधणार?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : शंका रास्त आहे, मात्र वर्गातल्या साऱ्याच मुलांनी आपली वाडी पाहिलेली नसते. पक्षाघातानंतर रुग्णालयाच्या सपाट फरशीवर वॉकर धरून चालू लागलेल्या बाईंना घरी सोडले जाते आणि घर असते जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून खाली. तिथले चिरे उंचसखल, पावसाळ्यात शेवाळलेले. वॉकरचे चारही पाय एका वेळी टेकतच नाहीत. पुढच्या तपासणीला त्या आल्या नाहीत, की केसपेपरवर ‘रुग्ण अनियमित’ असा शेरा पडतो. सर्वांना सारखाच वॉकर देणे ही समानता झाली. ज्याच्या वाटेवर जे चालेल ते त्याला मिळवून देणे ही समता. ती पाखाडी, एसटीची उंच पायरी आणि परतीची गाडी चुकेल म्हणून तपासणी अर्धवट सोडून निघालेल्या बाई, हे सारे ३६० अंशांच्या चित्रणात मान वळवून पाहता आले, तर असा शेरा लिहिण्याआधी विद्यार्थी थांबेल, अशी अपेक्षा आहे.

‘अपंगत्व अनुभवा’ अशा धर्तीचा प्रयोग असेल, तर मात्र सावध राहावे. डोळ्यांवर पट्टी बांधून वावरलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर अंध व्यक्तींच्या क्षमतेला उलट कमीच लेखल्याचे संशोधनात आढळले आहे. काही मिनिटांत अनुभवाला येतो तो नवख्याचा गोंधळ; वर्षानुवर्षे त्याच स्थितीत घर चालवणाऱ्याचे कसब त्यात दिसत नाही. म्हणून चित्रणात काय दाखवायचे, हे त्या बाईंनीच ठरवावे (त्यांची लेखी संमती हवी, हे ओघाने आलेच). हेडसेट उतरवल्यावर चर्चेला पुरेसा वेळ हवा : ग्रामपंचायतीच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून पाखाडीला कठडा होईल का, तपासणीची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवता येईल का, घरभेट कोण देणार?

प्रत्यक्ष कामाची जागा हेडसेट घेत नाही. व्यवसायोपचाराच्या जागतिक महासंघाच्या निकषांनुसार किमान १००० तासांचा प्रत्यक्ष कार्यानुभव आवश्यक असतो. काहींना हेडसेटमुळे मळमळते, चक्कर येते. अशांसाठी तेच चित्रण साध्या पडद्यावर पाहण्याची सोय महाविद्यालयाने ठेवली आहे का, हे मुलीला आधीच विचारून घ्यायला सांगावे.