आकड्याआधी कागद पाहावा

प्रिय तरुण मित्रास,
अनेक आशीर्वाद.

तू फोटो पाठवलेल्या मुद्राचित्राखाली, म्हणजे कागदावर छापून काढलेल्या चित्राखाली, पेन्सिलीने ‘३/२००’ असे लिहिले आहे, आणि तिसरी प्रत म्हणजे जवळजवळ पहिलीच, म्हणून ती घ्यावी का, असे तू विचारतोस. खालचा आकडा आवृत्तीतील एकूण प्रतींचा असतो. वरचा मात्र छपाईचाच क्रम सांगतो असे नाही, कारण सह्या करताना वाळलेल्या गठ्ठ्यातून कागद जसे हाती येतील तसे क्रमांक पडत जातात.

छपाईचा क्रम खरोखर महत्त्वाचा ठरतो तो ड्रायपॉइंट या पद्धतीत. तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडा काढला की त्याच्या कडेला धातूची बारीक कोर उठते, तिच्यात शाई अडकते आणि रेषेला मखमली काळेपणा येतो. पण यंत्राच्या प्रत्येक दाबाबरोबर ती कोर चेपत जाते आणि थोड्याच प्रतींनंतर रेषा कोरडी पडते. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या ड्रायपॉइंटच्या सुरुवातीच्या प्रतींसाठी संग्राहक जीव टाकतात तो यामुळे. तुझे चित्र स्क्रीनप्रिंट आहे, म्हणजे जाळीच्या पडद्यातून शाई दाबून छापलेले; तिथे चेपणारी कोरच नसते. तिथे तिसरी काय आणि एकशे नव्वदावी काय!

दोनशे हा आकडाही पुरा नव्हे. चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या ‘आर्टिस्ट्स प्रूफ’ प्रती, ज्या बहुधा आवृत्तीच्या एक दशांशाच्या आसपास असतात, आणि मुद्रकाच्या प्रती या हिशेबाबाहेर राहतात, म्हणून त्या किती आहेत हे विचारावे. मूळ पत्रा किंवा पडदा पुन्हा छापता येऊ नये असा बाद केला आहे का, हेही विचारावे. स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धाच्या भीषणतेवरील चित्रमाला त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी, १८६३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि त्याच पत्र्यांवरून पुढेही आवृत्त्या निघाल्या. पत्रे अस्सल, पण ती छपाई त्याने पाहिलेली नाही. इंकजेटने काढलेल्या ‘झिक्ले’ प्रतींचा तर पत्राच नसतो, आणि संगणकातली फाइल ओरखडून बाद करता येत नसल्यामुळे तेथील मर्यादा म्हणजे केवळ दिलेला शब्द असतो.

सहीवर फार विसंबू नकोस. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने कोऱ्या कागदांवर गठ्ठ्यांनी सह्या करून दिल्या होत्या. म्हणजे सही खरी असूनही चित्र त्याचे नसू शकते. त्यापेक्षा दहापट भिंग घे. ऑफसेटची, म्हणजे मासिके छापतात तशा यंत्रावरची, नक्कल असेल तर निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची फुले दिसतात. स्क्रीनप्रिंटमध्ये सहसा शाईचा सलग थर कागदावर बसलेला दिसतो आणि तिरप्या उजेडात त्याची कडही कळते.

मी तरुणपणी एक एचिंग, म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र, फ्रेमसकट घेतले, कारण ती उघडायला विक्रेता तयार नव्हता आणि मला आग्रह धरण्याचा संकोच वाटला. घरी उघडले तेव्हा समास पत्र्याच्या दाबाने कागदावर उमटलेल्या खुणेपर्यंत कापलेला निघाला आणि पाठीला चिकटवलेल्या स्वस्त पुठ्ठ्याच्या आम्लाने कागद तपकिरी पडलेला होता. ते चित्र मी अजून विकलेले नाही. विकत घेणार कोण?

तेव्हा पैसे देण्याआधी फ्रेम उघडून घे आणि मागच्या बाजूचाही फोटो मला पाठव.

तुझा शुभचिंतक