बीटलच्या मागच्या सीटखालचा नंबर

म्हापशाहून एका वाचकाने विचारलंय: वय 61, सरकारी नोकरीतून निवृत्त, पेन्शन चालू. 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, 12 लाख बँकेत ठेव. लोटलीच्या एका जुन्या घरात 1963 सालची फोक्सवॅगन बीटल विकायची आहे, किंमत 7 लाख. आरसी बुक विकणाऱ्याच्या आजोबांच्या नावावर. ते वारून तीस वर्षं झाली. एजंट म्हणतो, एक लाख टोकन द्या, पेपर मागाहून करू, नाहीतर पुण्याचं गिऱ्हाईक तयार आहे. सोबत बुकाचे आणि गाडीचे फोटो. ‘लहानपणापासून हीच गाडी मनात आहे. घेऊ का?’

भाऊ, टोकन देऊ नका. तुमची ऐपत नाही म्हणून नव्हे. तुम्ही पाठवलेल्या फोटोंतले दोन नंबर एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून.

आरसी बुकात चेसीस नंबर, म्हणजे गाडीच्या तळाच्या सांगाड्याचा नंबर, सात आकडी आहे. 1963 च्या बीटलला तो तसाच हवा. पण मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर पंच केलेला जो नंबर तुम्ही टिपलात, तो नऊ आकडी आहे आणि 116 ने सुरू होतो. फोक्सवॅगनने नऊ आकडी नंबर ऑगस्ट 1964 पासून सुरू केले. पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात, तिसरा मॉडेलचं वर्ष. 116 म्हणजे 1966 चं मॉडेल. 1963 साली नोंदलेल्या गाडीखाली 1966 ची चेसीस कशी आली?

बीटलची बॉडी चेसीसवर बोल्टांनी बसवलेली असते, म्हणून एकीची बॉडी दुसरीच्या चेसीसवर चढवता येते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तळाचा पत्रा आधी गंजतो. कुणी प्रामाणिकपणे दुसऱ्या गाडीची चेसीस लावली असेल. पण ती दुसरी गाडी कुणाची? तिचं बुक कुठे आहे? ती चोरीची तर नव्हती? याचा कागद नसेल तर उद्या उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. इंजिनाचा नंबरही पाहा, तो डायनामोच्या बैठकीखाली असतो. तुमच्या फोटोत त्याच्या सुरुवातीला ‘एफ’ दिसतोय. ते 1300 सीसीचं इंजिन ऑगस्ट 1965 पासून आलं. इंजिन बदलणं तेवढं गंभीर नाही, जुन्या गाड्यांत ते सर्रास होतं, पण तो बदल बुकात चढलेला हवा.

कुणी तुम्हाला 17 अक्षरांचा नंबर दाखवून ‘हाच खरा’ म्हणालं, तर तिथून उठून या. ती पद्धत 1980 च्या सुमाराला रूढ झाली. साठच्या दशकातल्या गाडीवर ती असूच शकत नाही. खरा नंबर हाती आला की वोल्फ्सबर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून गाडीचा जन्मदाखला मागवता येतो. गाडी कधी तयार झाली, मूळ रंग कोणता, हे त्यात कळतं. थोडा खर्च होईल, पण तो माझ्या मते पहिला खर्च असावा.

आता मालकीचं. नातू गाडी विकतोय, पण गोव्यात नातवाच्या एकट्याच्या सहीला किंमत नाही. आपल्याकडचा नागरी कायदा पोर्तुगीज काळापासूनचा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे आजोबांच्या गाडीतली अर्धी आजीचीच. बाकीच्या अर्ध्यात मुलगे आणि मुली सारख्याच वाटेकरी, आणि लग्न सामाईक पद्धतीचं असेल तर सुना-जावईही सहीला हवेत. विकणाऱ्याच्या लिस्बनला असलेल्या आत्याचा उल्लेख तुम्ही सहज केलात. माझ्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती. तिचं मुखत्यारपत्र हवं. आधी सक्सेशन डीड (वारस कोण हे सांगणारा नोटरीचा दस्त) किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वाटणी), मग गाडी वारसाच्या नावे करायला फॉर्म 31, आणि त्यानंतर तुमच्या नावे करायला फॉर्म 29 व 30. जुनी जीडीए बुकं (गोव्याच्या जुन्या नंबर-मालिकेची) बऱ्याचदा सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर चढलेलीच नसतात, तेही काम विकणाऱ्याने आधी करून द्यायचं. गाडीवर कधी कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म 35 मागा.

हे मी इतकं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या वडिलांनी आमची अॅम्बेसेडर एका एजंटला कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून दिली होती. त्याने ती नावावर चढवलीच नाही. काही वर्षांनी अपघाताची कोर्टाची नोटीस वडिलांच्या नावाने आली आणि त्या वयात त्यांना तारखांना जावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्टच सांगितलंय की नोंदीत ज्याचं नाव, तोच जबाबदार मालक. लोटलीच्या त्या घराच्याही हिताचंच मी सांगतोय.

एजंटने तुम्हाला ‘व्हिंटेज नंबर मिळाला की भाव दुप्पट’ असं सांगितलंय. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. फी 20 हजार, मुदत दहा वर्षं. पण चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही, म्हणजे या गाडीची अडचण तिथेच आहे. शिवाय त्या नंबरावर रोज फिरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. वहिनींना घेऊन रविवारी मंगेशीला जायचं स्वप्न तुम्ही लिहिलंय, त्यासाठी साध्या आरसीचं नूतनीकरणच हवं. विकताना कराचाही प्रश्न येतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2025 मध्ये 1931 च्या एका फोर्ड टूररच्या प्रकरणात, गाडी प्रत्यक्ष स्वतः वापरल्याचं दिसत नाही म्हणून विक्रीचा नफा करपात्र धरला. तेव्हा हिला गुंतवणूक समजू नका.

पैशाचं थोडक्यात. पेन्शन आहे, बचत योजनेतून 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 येतात. 12 लाखांतले 7 गेले तर अडीअडचणीला 5 उरतील, आणि 7 टक्के धरले तरी वर्षाचं 49 हजार व्याज जाईल. गाडी उघडली की पत्राकाम वेगळं. मी एकूण 5 लाखांवर जाऊ देणार नाही, दुरुस्तीसकट, आणि तेही नंबर जुळले तरच. नाही जुळले तर ही सुट्या भागांची गाडी, त्या भावातही मी तुम्हाला घेऊ देणार नाही. रोख मागितले तर लक्षात ठेवा, एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे. चेक किंवा बँक ट्रान्सफर, तोही ज्या वारसाच्या नावावर आरसी होईल त्याच्याच खात्यात.

पुण्याचं गिऱ्हाईक असेल तर घेऊ द्या त्याला.

पुढच्या वेळी लोटलीला जाताना टॉर्च, पांढरा कागद आणि मऊ शिसपेन्सिल न्या. ओळखीचा मेस्त्री सोबत असू द्या. मागची सीट काढा, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा, आरटीओत चेसीस प्रिंट घेतात तशी. आकड्यांभोवतीचा पत्रा घासलेला, वेल्ड केलेला वाटतो का, ते बोटाने चाचपा. प्रिंट, बुकाची सगळी पानं आणि वारसांची नावं मला पाठवा. तोवर तो एक लाख ठेवीतच राहू दे.