जिथे लठ्ठ माणसं जास्त, तिथे त्यांना कमी बोलणी खावी लागतात का?

ज्या देशांत लठ्ठ लोक जास्त आहेत, तिथे जाड असणं लोक सहज स्वीकारतात का, असं तुम्ही विचारलंय. माझं वजन लहानपणापासून जास्त आहे, त्यामुळे या प्रश्नाने मलाही बरीच वर्षं छळलंय. उत्तर ‘नाही’ असंच आहे.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३० किंवा त्याहून जास्त म्हणजे लठ्ठपणा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप. त्यानुसार अमेरिकेत १० प्रौढांमागे साधारण ४ जण लठ्ठ, जपानमध्ये १०० मागे ५ च्या आसपास. टोंगा, नौरूसारख्या पॅसिफिक बेटांवर निम्म्याहून जास्त. तिथल्या लोकांचा जिभेवर ताबा नाही, असं मात्र कृपया समजू नका. मासे आणि कंद खाणाऱ्या या बेटांवर बाहेरून डबाबंद आणि चरबीयुक्त मांस येऊन पडलं. सामोआने २००७ साली टर्कीच्या चरबीदार शेपट्यांच्या आयातीवर बंदी घातली होती. जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं म्हणून ती उठवावी लागली!

आता वृत्तीचं बघा. मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते फिजी. तिथे भरलेलं अंग म्हणजे घरच्यांनी नीट सांभाळल्याची खूण, कुणी वाळलं की सगळे काळजीत. १९९५ मध्ये तिथल्या नाद्रोगा भागात टीव्ही आला. मानववंशशास्त्रज्ञ ॲन बेकर यांनी तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करते असं पहिल्या वेळी एकीनेही सांगितलं नव्हतं. तीन वर्षांनी असं सांगणाऱ्या ११ टक्के निघाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत इतक्या लवकर ढासळते.

पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियात उलट, मुलगी लग्नाच्या बाजारात शोभावी म्हणून तिला बळजबरीने दूध पाजून जाड करायची प्रथा आहे. काही जण याला जाडपणाचा सन्मान म्हणतात. मला पटत नाही, कारण त्या मुलीला कुणी विचारतच नाही.

आणि अमेरिका? इतके लोक लठ्ठ असूनही नोकरीत वजनावरून डावललं तर बहुतेक राज्यांत त्याविरुद्ध स्पष्ट कायदा नाही. मिशिगनने तो १९७६ मध्येच केला, न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये. मनातला नकळत आकस मोजणाऱ्या एका ऑनलाइन चाचणीत २००७ ते २०१६ या काळात वंश आणि समलैंगिकतेबद्दलचा आकस कमी झालेला दिसला, जाड लोकांबद्दलचा उलट थोडा वाढला. वंश कुणी निवडत नाही हे लोकांना पटतं; वजन मात्र ज्याचं त्याने ओढवून घेतलेलं, असं आजही धरून चालतात.

वजनावरून टोचून बोललं की माणूस सुधारतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक अनुभव सांगते. एकदा कान ठणकत होता म्हणून डॉक्टरकडे गेले. मी कानावर हात धरून बसलेले, आणि त्यांनी आधी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. "एवढं वजन घेऊन फिरता, मग दुखणारच." कानात संसर्ग होता, तो त्यांनी नंतर पाहिला. पुढची दोन वर्षं मी कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाही, आणि त्या दोन वर्षांत माझा रक्तदाब वाढत गेला ते कुणालाच कळलं नाही.